द्राक्षराजाचे रक्त

“मेतोदी व्रांगोव, वय अडतीस, याचा मृत्यू औद्योगिक अल्कोहोलमिश्रित घरगुती राकिया प्यायल्याने झालेल्या विषबाधेतून झाला असून, ती राकिया मृताचा मेहुणा क्रुम दुदोव याने स्वतः गाळली व मृतास स्वहस्ते पाजली.”

न्यायवैद्यक अहवालाचा हा समारोप प्राध्यापिका झ्लातिना पेंचेवा हिने पुन्हा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. बचाव पक्षाच्या अर्जावरून न्यायालयाने तिला दुसरी तज्ज्ञ म्हणून नेमले होते. उभे आयुष्य तिने रोगाचे रसायनशास्त्र शिकवण्यात घालवले होते आणि एवढ्या काळात इतके गुळगुळीत वाक्य तिच्या वाचनात क्वचितच आले होते. त्यात कर्ता होता, कर्म होते, साधन होते, हातही होता. फक्त पुरावा तेवढा वाक्याबाहेर राहिला होता.

तिने वाक्य तुकड्यातुकड्याने सोडवायला घेतले.

औद्योगिक अल्कोहोल. मृताच्या रक्तात आयसोप्रोपिल अल्कोहोल सापडले होते. हात पुसायच्या जंतुनाशकात असते ते, गाडीची काच धुवायच्या निळ्या पाण्यात असते ते. त्याच्या जोडीला भरपूर अॅसिटोन सापडले होते. अहवाल लिहिणारे न्यायवैद्यक विभागप्रमुख डॉ. बोयान करामिहोव यांनी या दोघांची सांगड अशी घातली होती की, माणूस ते अल्कोहोल प्याला आणि शरीराने त्याचे अॅसिटोन केले. शरीर तसे करते, यात शंका नाही. पण शरीर याच्या नेमके उलटही करते. अॅसिटोन साचले, की त्यातले काही परत फिरून तेच अल्कोहोल होते. रस्ता दुहेरी होता. करामिहोव यांनी त्यावर एकेरी वाहतुकीची पाटी ठोकली होती. आणि प्यायल्याशिवाय अॅसिटोन साचते कुठे? इन्सुलिन आटलेल्या शरीरात, ज्याला साखरेत बुडूनही साखर वापरता येत नाही आणि जे मग स्वतःचीच चरबी जाळत सुटते.

घरगुती राकियातून, म्हणजे घरी गाळलेल्या द्राक्षदारूतून. सणाच्या टेबलावरच्या बाटलीतून सगळा गाव प्याला होता आणि बाटलीतली उरलेली राकिया तपासणीत शुद्ध ठरली होती. यावर अहवालाचे म्हणणे असे, की विष दुसऱ्या बाटलीत होते. दुसरी बाटली सापडली नव्हती. यावर अहवालाचे म्हणणे असे, की ती लपवण्यात आली. झ्लातिनाने समासात पेन्सिलीने लिहिले: ‘बाटली नाही, म्हणून बाटली होती.’

राहिले ‘स्वहस्ते पाजली’. ते खरे होते. ते क्रुमने स्वतःच सांगितले होते.

फेब्रुवारीत संत त्रिफोनाच्या दिवशी दोल्नो लोझे गावातले पुरुष नेहमीप्रमाणे द्राक्षमळ्यात गेले, वेलींची पहिली छाटणी केली, बुंध्यांवर वाइन ओतली आणि त्या वर्षाचा द्राक्षराजा निवडला. तो मान मेतोदीला मिळाला. छाटलेल्या फांद्यांचा मुकुट त्याच्या डोक्यावर चढवला, पीक भरघोस यावे म्हणून अंगावर वाइनच्या बादल्या रित्या केल्या, खांद्यावर घेऊन मिरवले. राजा मात्र दुपारभर पाणी मागत होता. नाताळपासून तो वाळत चालला होता आणि तांब्यामागून तांब्या पाणी रिचवत होता. गावाला त्यात थट्टेखेरीज काही दिसले नव्हते. संध्याकाळी त्याच्या पोटात कळ उठली, ओकाऱ्या सुरू झाल्या. क्रुमने या भागातले कुणीही केले असते तेच केले: राकिया कोमट करून एक घोट पाजली आणि थोडी पोटावर चोळली. मग राजाचा श्वास धापांसारखा खोल झाला. तालुक्याच्या रुग्णालयात नेले, तेव्हा पाळीवरच्या डॉ. लाझार गेशेव यांनी ‘अतिमद्यपान; घरी झोपू द्यावे’ असा शेरा मारून त्याला परत पाठवले. घरी तो झोपला, तो उठलाच नाही.

रक्तातले साधे मद्य जेमतेम पेलाभर वाइनएवढे होते. हा आकडा अहवालात होता. फक्त त्याला कुणी काही विचारले नव्हते.

*

कोठडीच्या भेटीच्या खोलीत क्रुम दुदोव हात मांडीखाली दाबून बसला होता. रुंद मनगटांचा, तांबूस मिशांचा माणूस. झ्लातिना समोर बसताच तो म्हणाला, “बाई, उगाच धडपडत आलात. मी सही करणार आहे.”

“कशावर?”

“मीच केलं, त्यावर. सरकारी वकील म्हणतात, कबूल केलंस तर निम्म्यावर सुटशील. पुढच्या तारखेला कोर्टात सही करायची.”

“तू केलंस का?”

“पाजली तर मीच ना?”

“मी ते विचारलं नाही.”

तो भिंतीकडे पाहू लागला. मग म्हणाला, “तुम्ही शहरातल्या. राकिया गाळताना पहिली धार पडते, ती पीत नाहीत, माहीत आहे का?”

“माहीत आहे. त्यात नको ते सगळं आधी उडून येतं.”

“पण आम्ही ती फेकतही नाही. अंग चोळायला ठेवतो. सांधे धरले, पोट दुखलं, तर वरून चोळायची. माझ्या घरी दोन बाटल्या. एक प्यायची, एक चोळायची. फडताळ एकच.” त्याने हात मांडीखालून काढले आणि ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे त्यांच्याकडे पाहिले. “दाजी तिकडे कुथत होते, ताई ओरडत होती, घरात माणसं गाणी म्हणत होती. मी फडताळात हात घातला. कोमट केली, पाजली, चोळली. एकाच बाटलीतून. कुठल्या, ते मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही, बाई.”

“चोळायची बाटली आता कुठं आहे?”

“मोरीत ओतली. बाटली नदीत टाकली. दाजी गेले त्या सकाळीच.”

समासातले आपलेच वाक्य झ्लातिनाला आठवले. दुसरी बाटली होती. ती लपवण्यातही आली होती. अडाणी तर्काने अहवाल एका खऱ्या गोष्टीपर्यंत येऊन पोहोचला होता, आणि तिला अडाणी तर्काइतकाच याचाही राग आला.

“वकिलांना सांगितलंस हे?”

“कुणालाच नाही. ताईलाही नाही. ती येतच नाही भेटायला.” त्याने मान खाली घातली. “मी सही केली, तर तिला निदान कळेल तरी, की काय झालं. कळलं, की माणूस शिव्या घालून मोकळा होतो. हे असं मधल्या मधे लोंबकळणं बरं नाही.”

“आणि केलं नसशील तर?”

“तर तुम्ही दाखवा. मला माझ्याच हातांचं खरं कळत नाहीय.”

तिने त्याला वचन दिले नाही. वचनाजोगे तिच्याकडे काही नव्हते. होते ते एवढेच, की विषाला आणि रोगाला एका जागी वेगवेगळे वागावे लागते. बाहेरून घेतलेल्या विषाने अॅसिटोन वाढते, पण त्याचा थोरला भाऊ वाढत नाही. शरीर चरबी जाळते तेव्हा केटोन नावाचे तीन पदार्थ तयार होतात. पहिले अॅसिटोन, ते श्वासातून उडून जाते आणि नाकाला फसवते. दुसरे अॅसिटोअॅसिटेट, ते लघवीत उतरते. तिसरे, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, या दोघांपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणात रक्तात ठाण मांडून बसते. त्याला ना वास, ना उडायची घाई. करामिहोव यांच्या विभागातले यंत्र वाफ हुंगणारे होते. जे उडते तेवढेच त्याला दिसे. जे बसून राहते ते त्याच्या लेखी जगात नव्हतेच.

*

रक्ताची नळी बर्फात घालून आली तेव्हा तिच्याबरोबर करामिहोवही आले. कायद्याने त्यांना हजर राहण्याचा हक्क होता, आणि हक्क सोडायची त्यांची कधीच रीत नव्हती. विद्यार्थिदशेत दोघे एकाच बाकावर बसत. तेव्हाही ते उत्तर आधी लिहीत आणि गणित नंतर.

“एवढंच?” नळी उजेडात धरून झ्लातिना म्हणाली. तळाशी काळपट थर होता, बोटाच्या नखाएवढा.

“आम्ही आमच्या कामापुरतं वापरलं. असली जास्तीची चाचणी कुणी मागेल, असं वाटलं नव्हतं.”

“मागायची नसते, बोयान. करायची असते.”

“विष सापडल्यावर? घरात चोर धरल्यावर तू उंदरांची मोजदाद करत बसतेस का?”

“चोर आतून आला का बाहेरून, एवढं बघते. बस तिथं. श्वास जपून घे, खोकू नकोस.”

चाचणी साधी होती. त्या तिसऱ्या केटोनवर एक विकर सोडायचे. केटोन जितके अधिक, तितका द्राव एका ठरावीक प्रकाशाला अधिक अडवतो आणि पडद्यावरची रेघ तितकी वर चढते. झ्लातिनाने आधी निरोगी रक्त लावून पाहिले. रेघ जमिनीलगत सरपटली. मग ओळखीच्या तीव्रतेचे द्रावण लावले. रेघ सांगितलेल्या जागी जाऊन थांबली. तेव्हा कुठे तिने मेतोदीच्या रक्तातला साफ केलेला अंश उचलला. निम्मा. निम्मा मागे ठेवला.

रेघ चढू लागली. आधी रीतसर, मग ताठ. मग पडद्याच्या वरच्या काठाला टेकली आणि तिथेच आडवी झाली. आकड्याच्या जागी यंत्राने तीन फुल्या छापल्या.

करामिहोव पुढे वाकले. “आकडा नाही.”

“मोजपट्टी अपुरी पडली.”

“मला पट्टी दिसत नाही, फुल्या दिसतात. न्यायाधीशांनाही फुल्याच दिसतील. सरकारी वकील उभा राहून विचारेल, बाई, किती? तू काय म्हणशील? पुष्कळ?” ते हसले नाहीत, तेवढा संयम त्यांच्यात होता. “यंत्र बिघडलं असेल. रक्त नासलं असेल. फुल्यांवर मी माझा अहवाल बदलणार नाही, झ्लातिना.”

हे बरोबर होते, आणि बरोबर असल्यामुळेच असह्य होते. आकड्यावाचून क्रुम सही करणार होता. रक्त पातळ करून पुन्हा लावायचे, तर उरलेला निम्मा अंश एवढीच शिल्लक. पुरेसे पातळ झाले नाही तर पुन्हा फुल्या. फाजील पातळ झाले तर रेघ तळाशी, आणि मग त्या आकड्यावर विश्वास ठेवायला तिचा तिलाच संकोच वाटला असता. पिपेटच्या टोकाला हवेचा एक बुडबुडा लागला तरी संपले. तिसरी संधी नव्हती.

तिने हातमोजे बदलले. या वयात बोटे पूर्वीसारखी सांगितल्याबरोबर ऐकत नसत. मग तिने मिठाचे निर्जंतुक पाणी मोजून घेतले, त्यात रक्ताचा तो थेंबभर अंश सोडला आणि टोक द्रावात बुडते ठेवून ते हळूहळू तीनदा धुतले, काचेला चिकटून काही मागे राहू नये म्हणून.

“दसपट?” करामिहोव यांनी विचारले. आवाज दबलेला होता.

“दसपट.”

“आणि दसपट करूनही फुल्या आल्या तर?”

“तर तुझा राजा तू म्हणतोस तितका प्यालेला होता असं मी लिहून देईन. गप्प बस.”

रेघ निघाली. चढली. पडद्याच्या मध्यावर आली आणि वाकली. जणू कुणी तिचा खांदा धरून तिला बसवले. दसपटीने गुणून आकडा आला चौदा. निरोगी माणसात तो एकाच्याही अर्ध्यावर जात नाही.

करामिहोव खुर्चीत मागे टेकले.

“उपाशी दारुड्यातही वाढतं ते,” अखेर ते म्हणाले.

“वाढतं. पण त्याची साखर वाढत नाही. डोळ्यातला द्रव तुमच्याकडे ठेवलेला आहे. मेल्यावर रक्तातली साखर खोटं बोलते, डोळ्यातली सहसा नाही. तुझ्याच माणसाला, तुझ्याच खोलीत, तुझ्याच यंत्रावर मोजायला सांग. मी येत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. त्यांनी साखरेचा आकडा सांगितला. मधुमेहाच्या मूर्च्छेत असायला हवा तसाच होता. आणि मग लगेच, सावरलेल्या आवाजात: “रोग होता, मान्य. पण विष नव्हतंच, असं यातून निघत नाही. शिवाय एक सांग. एवढा रोग होता, तर रुग्णालयाला कसा दिसला नाही? तिथं डॉक्टर होता. त्यानं तपासलं. ‘प्यालेला’ म्हणून लिहिलं. सरकारी वकील याच खुंट्याला दोर बांधणार.”

फोन ठेवल्यावर झ्लातिना स्वतःशीच म्हणाली, की बोयानने आयुष्यात पहिल्यांदा गणित आधी मांडले आहे.

*

मेतोदीची बायको स्तामेना गावच्या वरच्या आळीला राहत होती. काळा रुमाल, काळा झगा. अंगणात मुलांचे कपडे वाळत होते. झ्लातिनाला तिने बसायला पाट दिला, चेरीचा मुरांबा आणि पाणी पुढे ठेवले, आणि उभीच राहिली.

“भावाच्या वतीनं आला असाल तर मुरांबा खा आणि जा.”

“मी कुणाच्या वतीनं आलेली नाही. तुमच्या नवऱ्याला मधुमेह होता.”

“कुणी सांगितलं?”

“त्यांच्या रक्तानं.”

स्तामेना खांबाला टेकली. मग टेकल्या टेकल्या खाली बसली.

“मला त्या रात्रीचं रुग्णालयातलं सांगा,” झ्लातिना म्हणाली. “काय काय केलं तिथं? रक्त घेतलं?”

“नाही.”

“नाडी? रक्तदाब?”

“नाडी बघितली. आणि स्वतःचं नाक धरलं. डॉक्टर म्हणाले, ‘अरे देवा, याला पिळलं तर पिंपभर निघेल.’ अंगावरची वाइन वाळली नव्हती हो, बादल्या ओतल्या होत्या. मी सांगितलं, पोटात दुखतंय. मग नर्सनं पेल्यात लघवी धरायला लावली. डॉक्टरांनी कागद बुडवला त्यात.”

झ्लातिनाने चमचा खाली ठेवला. “कसला कागद?”

“पट्टी. बारीक. टोकाला रंगाचा तुकडा.”

“आणि?”

“आणि काय?”

“रंग, स्तामेना. त्या तुकड्याचा रंग काय झाला?”

“वाइनसारखा. काळसर जांभळा. डॉक्टरांनी सगळ्यांना दाखवला. म्हणाले, ‘बघा, महाराजांच्या मुतातसुद्धा मावरुद!’” मावरुद हे त्या डोंगरउताराचे काळे द्राक्ष, आणि त्याच्या वाइनचेही नाव. “आमची माणसं सोबत होती, सगळी खिदळली. मेतोदीसुद्धा हसायला बघत होता, पण त्याला दम पुरत नव्हता.”

“हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाही?”

“विचारलं नाही कुणी. आणि त्यात सांगण्यासारखं काय होतं, बाई? थट्टा होती ती.” तिचा आवाज फाटला. “मीही हसले. नवरा मरत होता आणि मी हसले.”

झ्लातिनाला या घटकेला काहीतरी मऊ बोलता आले असते. पण तिच्या रागाने सगळी मऊ वाक्ये आधीच वाळवून टाकली होती. ती एवढेच म्हणाली, “कोर्टात याल? हेच, एवढंच सांगायला?”

“क्रुम तिथं असेल?”

“असेल. सही करायला.”

स्तामेनाने वाळत घातलेला एक सदरा उगीचच ओढून काढला आणि ओलाच घडी करायला घेतला.

“त्याला म्हणावं, सही करायची झाली तर माझ्याकडं बघून कर. भिंतीकडं बघून नको.”

*

न्यायालयाच्या खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर लिंडनचे झाड फुलले होते. सरकारी वकिलांपुढे तडजोडीचा कागद तयार होता. क्रुमच्या वकिलाने पेनाचे टोपणही काढून ठेवले होते. न्यायाधीशबाईंनी सांगितले, की साक्षी आधी, सही नंतर.

करामिहोव यांनी दोन्ही आकडे स्वतः वाचून दाखवले. ‘रोग नाकारता येत नाही,’ असे ते म्हणाले. विष नाकारता येते का, यावर ‘निश्चित सांगता येत नाही’. सरकारी वकिलांना एवढे पुरेसे होते. “म्हणजे विष होतं, रोगही असेल. आणि रुग्णालयात तर रोगाची खूणही दिसली नाही.” स्तामेनाने आपले सांगितले, भावाकडे न पाहता. मग डॉ. लाझार गेशेव यांना बोलावले.

गेशेव चाळिशीचे, नीट दाढी केलेले, सभ्य गृहस्थ होते. पट्टीबद्दल विचारल्यावर त्यांनी खेदाने मान हलवली. “आठवत नाही. सणाच्या रात्री असे वीस येतात. बाईंच्या दुःखाबद्दल मला आदर आहे, पण माणसाची आठवण अशा वेळी काहीही रंगवते.”

झ्लातिनाने प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली. ती मिळाली.

“डॉक्टर, वाइन प्यायली तर ती लघवीत उतरून लघवी जांभळी होते का?”

दालनात कुणीतरी फिसकन हसले.

“अर्थात नाही.”

“मग महाराजांच्या मुतात मावरुद कुठून आली?”

“तो... असं काही मी म्हटलं असेन, तर तो विनोद असेल.”

“विनोदाला निमित्त लागतं. काहीतरी जांभळं आपल्या हातात असल्याशिवाय तो सुचत नाही. काय होतं हातात?”

गेशेव यांनी रुमाल काढला. “आमच्याकडे पट्ट्यांची डबी उघडी राहायची. नर्स झाकण लावत नाहीत. ओल लागते, पट्ट्या बिघडतात. बिघडलेल्या पट्टीवर कुणी निदान करत नाही.”

“म्हणजे पट्टी होती.”

आपण कुठे येऊन पोहोचलो, हे त्यांना बहुधा तेव्हाच दिसले.

“असेल.”

“ओल लागलेली पट्टी आंधळी होते, डॉक्टर. मळकट तपकिरी पडते आणि जे आहे तेही दाखवत नाही. ती जांभळी होते ती लघवीतल्या केटोनांनीच; जे नाही ते जांभळं करून ती दाखवत नाही. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकवते. आपण माझ्या वर्गात होतात का?”

“नाही.”

“ऐकून बरं वाटलं. आणि पट्टी बिघडली असं वाटलं, तर बोटाला सुई टोचून साखर बघायला किती वेळ लागतो? आपल्या टेबलावर ते यंत्र होतं?”

“होतं.”

सरकारी वकिलांनी समोरचा तडजोडीचा कागद उचलला, दुमडला आणि खिशात ठेवला. “आम्ही प्रस्ताव मागे घेतो,” ते म्हणाले. फार हळू म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेले.

न्यायाधीशबाई गेशेव यांच्याकडे वळल्या. “डॉक्टर, यापुढचं उत्तर आपल्यावरच आरोप आणणारं ठरू शकेल. असं उत्तर न देण्याचा आपल्याला हक्क आहे. कळलं ना?”

“कळलं.”

तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यात क्रुम उभा राहिला. रक्षकाने त्याचा खांदा दाबला. तो बसला नाही.

“मॅडम, मला एक विचारायचंय. एकच. वकिलांकडून नको, मला स्वतःला.” न्यायाधीशबाईंनी क्षणभर विचार केला आणि मान हलवली. क्रुम सरळ गेशेव यांच्याकडे पाहत होता, आणि स्तामेना, त्या दिवसात पहिल्यांदाच, भावाकडे.

“डॉक्टर, मी त्यांना कुठल्या बाटलीतली पाजली, ते मला माहीत नाही. प्यायची असेल, चोळायची असेल. घोटभर होती. ती पोटात घेऊनच ते तुमच्यासमोर आले होते. त्या वेळी तुम्ही त्यांना ठेवून घेतलं असतं, इन्सुलिन दिलं असतं, तर दाजी जगले असते का?”

न्यायाधीशबाईंनी पुन्हा आठवण करून दिली, की उत्तर देण्याची सक्ती नाही. गेशेव यांनी रुमालाची घडी केली, ती उलगडली, परत केली. झ्लातिना त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, पडद्यावरच्या त्या रेघेकडे पाहिले होते तशी. मग ते बोलले, आणि न्यायालयाच्या लेखनिकाने ते शब्दशः उतरवून घेतले:

“जगला असता. घोटभर कशानंच तो मरत नव्हता. पट्टी जांभळी झाली होती, आणि ती कशानं होते हे मला ठाऊक होतं. बदलीचा डॉक्टर आला नव्हता, घरी पंगत बसली होती. दुसरी पट्टी मी लावली नाही, कारण तीही जांभळीच झाली असती.”